दंडावरचा पट्टा कुणाला द्यायचा? (आपल्या फुटबॉल टीमच्या ग्रुपवरची चर्चा)

सी-५०१ : मंडळी, नमस्कार. पुढच्या महिन्यापासून कामामुळे मला दर रविवारी यायला जमणार नाही. सहा वर्षं कॅप्टन होतो, आता दुसऱ्या कुणीतरी ही जबाबदारी घ्यावी. जमेल तसा खेळायला येत राहीनच. रविवारच्या मॅचआधी ठरवून टाकू या. नावं सुचवा.

बी-१०४ : दादा, यात चर्चा कसली? आपला दहा नंबरचा खेळाडू. बॉल त्याच्या पायात गेला की समोरचे दोन जण आपोआप मागे सरकतात. टीममध्ये सगळ्यात भारी तोच खेळतो.

डी-३०२ : मी खेळत नाही, पण दर रविवारी कडेला उभी असते म्हणून विचारते. जो सगळ्यात भारी खेळतो तोच कॅप्टन, असं असतं का? माझा मुलगा गेले चार रविवार बूट बांधून बसतो आणि शेवटच्या पाच मिनिटांना उतरतो. पाचच मिनिटं मिळाली याचं त्याला इतकं वाटत नाही. आधी कुणी काहीच सांगत नाही, याचं वाटतं. घरी येतो आणि गप्प बसतो.

सी-५०१ : ताई, ही माझी चूक आहे. मॅचच्या धावपळीत राहून जातं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी आज त्याच्याशी बोलतो.

आणि तुम्ही विषय काढलाच आहे तर मनातलं लिहितो. हौशी टीमच्या कॅप्टनच्या हातात असतं काय? तो कुणाला पगार देत नाही, कुणाचा करार त्याच्याकडे नसतो. उद्या एखादा म्हणाला, ‘मी येत नाही’, तर आपण काय करणार? माणसं आठवडाभर राबून, घरच्यांकडून एक सकाळ मागून घेऊन मैदानावर येतात. त्यांना द्यायला कॅप्टनकडे एकच गोष्ट असते : खेळायला मिळणारी मिनिटं. ती तो कशी वाटतो, आणि कमी देणार असेल तर तोंडावर सांगतो की नाही, यावर टीम टिकते. सहा वर्षांत हरलो म्हणून टीम सोडून गेलेला एकही जण मला आठवत नाही. तीन जण गेले, ते तिघेही न सांगता बाहेर बसवल्यामुळे. त्यातला एक आपला सगळ्यात जुना खेळाडू होता. त्याला मी नंतर दोनदा फोन केला. तो चांगलं बोलला, पण परत आला नाही.

ए-२०३ : मी बरीच वर्षं हौशी मॅचेसना शिट्टी वाजवली आहे, म्हणून रेफरीच्या बाजूने थोडं सांगतो. नियमांच्या पुस्तकात कॅप्टनबद्दल फार थोडं आहे. त्याला कुठलाही खास दर्जा नाही, कुठलीही सवलत नाही, टीमच्या वागण्याची काही प्रमाणात जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे. म्हणजे अधिकार काही नाही, उत्तर मात्र त्यालाच द्यायचं. २०२४ पासून तर मैदानावर कॅप्टन असणं आणि त्याच्या दंडावर ओळखू येईल असा पट्टा असणं नियमातच आलं. त्याच वर्षीच्या युरो (युरोपातल्या देशांच्या) स्पर्धेत निर्णयाबद्दल विचारायला फक्त कॅप्टनने रेफरीकडे यायचं, अशी पद्धत लावली. गोलकीपर कॅप्टन असेल तर त्याच्या जागी मैदानातला दुसरा एक जण आधीच ठरवायचा, कारण अख्खं मैदान पळत यायला लागू नये.

मला पहिल्या दहा मिनिटांत कळायचं कोणत्या टीमला खरा कॅप्टन आहे. एकदा मी एका मुलाला यलो कार्ड दाखवलं. तो रागाने लालबुंद होऊन माझ्या अंगावर आला. त्याचा कॅप्टन मध्ये येऊन उभा राहिला. माझ्याकडे तोंड, त्या मुलाकडे पाठ, दोन्ही हात मागे. मला एवढंच विचारलं, ‘सर, कशाबद्दल दिलं?’ मी सांगितलं. मान हलवली, वळला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वीस पावलं लांब घेऊन गेला. दुसरं कार्ड मिळालं असतं तर ती टीम दहा जणांवर आली असती. तो कॅप्टन खेळायला साधाच होता.

बी-१०४ : काका, पटतंय. पण शांत राहणं वेगळं आणि टीमला ओढून नेणं वेगळं. दोन गोल खाल्ल्यावर आपल्या सगळ्यांची मान खाली जाते. तेव्हा समोरच्यांना चकवून एक गोल मारून दाखवणारा हवा ना?

ए-२०३ : मग एक जुनी गोष्ट ऐक. १६ जुलै १९५०, माराकाना स्टेडियम. वर्ल्ड कपचा निकाल ठरवणारी ब्राझील विरुद्ध उरुग्वे मॅच. ब्राझीलला बरोबरीसुद्धा पुरणार होती. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच ब्राझीलचा गोल झाला आणि भरलेलं स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलिओ व्हारेला बॉल घेऊन सरळ इंग्लिश रेफरीकडे गेला आणि ऑफसाइडसाठी वाद घालत बसला. गोल काही रद्द होणार नव्हता. पण त्यात वेळ गेला, आरडाओरडा उतरला, त्याच्या माणसांना श्वास घेता आला. मग स्कियाफिनोने बरोबरी केली, गिजियाने दुसरा गोल मारला आणि उरुग्वे २-१ ने जिंकलं. व्हारेलाच्या नावावर त्या मॅचमध्ये एकही गोल नाही.

रेफरी म्हणून तसला वाद मला मुळीच आवडत नाही, आज कुणी घातला तर कार्ड निघेल. पण खेळ कधी थांबवायचा हे त्याला कळलं, ते बघ. आपण काय करतो? गोल खाल्ला की जाळ्यातला बॉल उचलून धावत मध्यावर नेतो, सुरू करतो आणि लगेच दुसरा खातो. बॉल हातात घेऊन मध्यावर चालत यावं. येता येता मागच्या चौघांना प्रत्येकी एक वाक्य सांगावं, ‘तू आत राहा’, ‘तू सात नंबर सोडू नकोस’. तेवढ्याने डोकी जागेवर येतात.

सी-५०१ : काका, टॉसचंही सांगा ना.

ए-२०३ : टॉस जिंकला की बाजू निवडायची किंवा किक-ऑफ घ्यायचा, हा पर्याय २०१९ पासून आहे. त्याआधी जिंकणारा फक्त बाजू निवडायचा. बरेच कॅप्टन विचार न करता ‘बॉल आमचा’ म्हणतात. सकाळची मॅच असेल तर आधी ऊन कुठून येतंय ते बघावं, आपल्या गोलकीपरला विचारावं. डोळ्यांवर ऊन त्याच्या येणार आहे.

ए-४०१ : मी डॉक्टर म्हणून लिहितेय. १२ जून २०२१ ला डेन्मार्क-फिनलंड मॅचमध्ये डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन मैदानात कोसळला, ते बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्यांचा कॅप्टन सिमोन केअर लगेच त्याच्यापाशी पोहोचला. वैद्यकीय पथक आल्यावर त्याने सहकाऱ्यांना एरिक्सनभोवती गोल उभं केलं, तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्यांना काही दिसू नये. मग मैदानावर आलेल्या एरिक्सनच्या जोडीदाराला तो आणि गोलकीपर श्मायकेल यांनी धीर दिला. हे त्याला त्या क्षणी कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे बाजूला कुठलंही पथक उभं नसतं. म्हणून कॅप्टनला तीन गोष्टी मॅचआधी माहीत हव्यात : छातीवर दाब द्यायला कुणाला येतं, रुग्णवाहिकेला फोन कोण करणार आणि ती आली की फाटक कोण उघडणार.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डोक्याला मार लागून माणूस जरा जरी गोंधळलेला वाटला, तरी तो बाहेर. त्या दिवशी परत आत नाही. तो स्वतः ‘मी ठीक आहे’ म्हणणारच, त्याचं ऐकायचं नाही. मागे हेडर घेताना दोघांची डोकी आपटली, आपल्या स्ट्रायकरने स्कोअर दोनदा विचारला, आणि तरी तो पंधरा मिनिटं खेळला. मी कडेवरून ओरडत होते. बदली खेळाडू नव्हता, मॅच बरोबरीत होती, सगळं कळतं मला. तरीही त्याला बाहेर काढेल आणि दहा जणांनी खेळू म्हणेल, त्यालाच माझं मत.

सी-५०१ : डॉक्टर, तेव्हाही कॅप्टन मीच होतो. मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला आणि मी मानलं. त्या रात्री झोप लागली नाही.

बी-६०३ : सगळं वाचलं. दहा नंबर म्हणून माझं नाव आलंय, म्हणून लिहितो. पट्टा मिळाला तर मला आवडेल, खोटं का बोलू. पण माझ्याकडे पास चुकीचा आला की माझे दोन्ही हात वर जातात. मला ते कळतसुद्धा नाही. बायकोने व्हिडिओ दाखवला तेव्हा दिसलं. एका हाफमध्ये अकरा वेळा.

सी-५०१ : हे तू ग्रुपवर लिहिलंस, याचं मला कौतुक वाटतं. ते हात सगळ्या मैदानाला दिसतात रे. ज्याचा पास चुकला तो पुढचा पास तुला देतच नाही, मागे गोलकीपरकडे देतो. तुला वाटतं बॉल येत नाही, आणि तू अजून चिडतोस.

बी-१०४ : दादा, खरं आहे. मी स्वतः मागे दिलेत.

सी-५०१ : आता माझं मत. आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडे मागे राहून बचाव करणारा. तो ग्रुपवर लिहीत नाही, मीटिंगमध्ये बोलत नाही. पण मैदानावर त्याचा आवाज थांबत नाही. ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘वळ’, एवढंच, पण ऐन वेळी. शनिवारी रात्री कोण येणार, कोण नाही, हे मोजण्यात माझा जीव जायचा, कारण सातच्या खाली गेलो तर नियमाने मॅच सुरूच होत नाही. गेलं वर्षभर ती मोजणी तोच करतोय, तुम्हाला वाटत होतं मी करतोय.

आणि गेल्या सीझनची शेवटची मॅच आठवा. आपल्या सगळ्यात लहान पोराने पेनल्टी बाहेर मारली. आम्ही सगळे मध्यावर डोक्याला हात लावून उभे. मीही. लेफ्ट बॅक एकटा तिकडे चालत गेला. त्याने मिठी मारली नाही, समजावलं नाही. खाली बसून त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली आणि त्याच्या बरोबरीने चालत परत आला. पोराने पुढची पेनल्टी मागून घेतली होती, हेही आठवा.

डी-३०२ : तो माझाच मुलगा. नाडीचं त्याने घरी सांगितलं नव्हतं.

बी-६०३ : माझंही मत लेफ्ट बॅकला. मी हातांवर काम करतो.

बी-१०४ : पण त्याला कुणी विचारलंय का?

सी-५०१ : ए-३०५, बघतोयस ना?

ए-३०५ : बघतोय. करीन. पण दोन गोष्टी. कोण किती खेळणार ते शनिवारी रात्रीच सांगणार, ज्याला कमी मिळेल त्याला स्वतः फोन करणार. आणि डॉक्टर कडेवरून बाहेर म्हणाल्या की तो बाहेर, मग तो मी असलो तरी. रविवारचे अकरा नक्की आहेत, दोन बदली. बिब्स (टीम ओळखायला वरून घालायची बनियनं) बी-१०४ आणेल.

डी-३०२ : मुलाला किती वाजता पाठवू?

ए-३०५ : साडेसहा. पहिला पूर्ण हाफ तो खेळतोय, मी बाहेर बसणार. दुपारीच बोललोय त्याच्याशी.