मदत हवी आहे : मुलांनीच मित्रांना गाडी जपून चालवायला सांगावे, यासाठी काय करता येईल?
इंदूरच्या लोकमान्य नगरात आम्ही काही पालक अकरावी-बारावीच्या मुलांना सुरक्षित वाहन चालवण्याची सवय लागावी म्हणून प्रयत्न करीत आहोत. क्लास सुटला की एका स्कूटरवर तिघे बसतात आणि घरून निघताना डोक्यावर असलेले हेल्मेट पहिल्याच वळणानंतर कोपरात अडकवलेले दिसते. अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे घरोघरी सांगितल्यावर बऱ्याच किल्ल्या कपाटात गेल्या. वाहतूक पोलिसांचे व्याख्यानही ठेवले; मुलांनी ते निमूटपणे ऐकले, एवढेच.

खरी अडचण नुकताच परवाना मिळालेल्यांची आहे. मागे बसलेला मित्र “अरे, पळव ना” म्हणाला की त्याला नकार देणे त्यांना कमीपणाचे वाटते, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. क्लास लांब असल्याने गाडी बंद करता येत नाही. मुलांवर चोरून पाळत ठेवणारे ॲपही आम्हाला नको आहे. मागे बसणाऱ्यानेच “हळू चालव” म्हणावे, अशी पद्धत कोणाच्या वसाहतीत किंवा गणेशोत्सव मंडळात रुजली असल्यास तिची सुरुवात कोणी केली आणि मुलांना ती आपली कशी वाटू लागली?