"दाखले बघा" म्हणणाऱ्यांनी आधी दाखला बघावा: कोरोना आणि हार्ट अटॅक

पांझराकाठ:
गावच्या ग्रुपवर कालपासून एकच मेसेज फिरतोय: "कोरोनाने कोणी मेलं नाही. दाखले बघा, सगळीकडे कार्डिॲक अरेस्ट (हृदय थांबलं)." कुठला दाखला पाहिला, भाऊ? ग्रामपंचायत देते त्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतंच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 ने ते देता येत नाही. कारण असतं डॉक्टरच्या नमुना 4 वर, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर. पहिल्या भागात (अ) ओळीत अखेरीस काय झालं ते, (ब) आणि (क) मध्ये ते कशातून झालं ते. मूळ दुखणं सगळ्यांत खाली. हृदय थांबणं हे कारण नव्हे, ते प्रत्येकाचंच थांबतं. नुसती (अ) ओळ भरून सही झाली, की न्यूमोनियाने गेलेला माणूस आकड्यांत रक्ताभिसरणाच्या रोगांत जाऊन बसतो. 2020 मध्ये देशात डॉक्टरांनी कारण लिहून दिलेल्या मृत्यूंपैकी 32.1 टक्के या रोगांचे, 8.9 टक्के कोरोनाचे.

सातपुडा_पायथा:
तुमची (अ) ओळ घेऊन बसा! खरे अटॅकही आले आणि माणसं उपचारावाचून गेली, ती या हिशेबात कुठे? 2020 च्या लॉकडाउनमध्ये अटॅकचे रुग्ण दवाखान्यात येणंच घटलं. "तिथे गेलो तर कोरोना निघेल, मग तोंडही बघू देणार नाहीत" ही धास्ती. जे आले त्यांच्या आधी नाकात काडी, मग ईसीजी. हवं उलटं: दारात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी, त्यात एसटी (आलेखाचा एक भाग, अटॅकची खूण) उचललेला दिसला की 30 मिनिटांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अँजिओप्लास्टी 120 मिनिटांत होणार असेल तरच थांबायचं. नंदुरबारच्या धडगावहून चांदसैली घाट उतरून पुढे कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) गाठायची, कसली 120 मिनिटं?

जळगाव_औषधं:
इंजेक्शन म्हणजे टोचलं नि झालं, असं नाही. स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट, 100 मिली सलाईनमधून, 30 ते 60 मिनिटं. घाईने सोडलं की बीपी धाडकन खाली. मग ड्रिप थांबवा, पाय उंच करा, सावकाश पुन्हा सुरू करा. मॉनिटर आणि शॉकचं यंत्र उशाशी हवं, कारण नस मोकळी होताना ठोके बिघडतात. त्या महिन्यांत मॉनिटर कोविड वॉर्डात अडकलेले. गुठळी विरघळवणारं दुसरं औषध, टेनेक्टेप्लेस, वजनानुसार 30 ते 50 मिलिग्रॅम, एकदाच द्यायचं. तालुक्याला तेच हवं.

सातपुडा_पायथा:
आणि स्ट्रेप्टोकायनेज एकदा दिलेल्याला पुन्हा देत नाहीत, हेही लिहा. घाईत जुनी फाईल घरीच राहते, तिथेच घोळ होतो.

भुसावळ_भो:
औषधं पुरे करा. लसीनंतर तरणीताठी पोरं कोसळली, त्यावर कोणी का बोलत नाही?

पांझराकाठ:
बोलतो. आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) 47 रुग्णालयांमार्फत 18 ते 45 वयाच्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्यांचा अभ्यास केला, 2023 मध्ये छापला. लसीने धोका वाढलेला नाही. वाढला तो कोरोनाने भरती झालेल्यांत, घराण्यात असा मृत्यू असलेल्यांत आणि आदल्या 48 तासांत भरमसाट दारू प्यायलेल्यांत.

भुसावळ_भो:
कोविशील्डने गुठळ्या होतात हे खोटं का मग?

जळगाव_औषधं:
खोटं नाही, फार विरळ आहे. लसीनंतर साधारण 4 ते 42 दिवसांत, प्लेटलेट घटून, बहुतेक मेंदूच्या नाहीतर पोटातल्या शिरांत. दोन वर्षांनी क्रिकेट खेळताना पडलेल्या पोराला ते लावू नका.

भुसावळ_भो:
बरं, दोन वर्षांचं सोडलं. 42 दिवसांचं सोडत नाही.

सातपुडा_पायथा:
पांझराभाऊ, (अ) ओळीचं तुमचं खरं, मानलं. पण घरीच गेला त्याचं काय? दवाखान्याबाहेरच्या मृत्यूचा नमुना 4अ लिहायला शेवटच्या आजारात बघितलेला डॉक्टर लागतो. पाड्यावर तो कुठला? घरचे ग्रामसेवकाला सांगतात, "छातीत कळ आली", तेवढंच. 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22-23 टक्क्यांना डॉक्टरने लिहिलेलं कारण आहे. तुमचे 32.1 टक्के त्यांतलेच. उरलेल्यांत हृदयाचे किती नि कोरोनाचे किती, हे त्या मेसेजवाल्याला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही.