मदत हवी आहे: एअर रायफलच्या प्लॅस्टिक दस्त्यावर कॅमो रंग टिकत नाही

नमस्कार मंडळी,

.१७७ कॅलिबरची (म्हणजे छर्ऱ्याचा व्यास, इंचात), नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. दस्ता काळा, सिंथेटिक. ही रायफल, ट्रायपॉड आणि सॅक असं सगळं वाळक्या गवताशी मिळतंजुळतं घरीच रंगवायला घेतलंय. नळीवर आणि ट्रायपॉडच्या अ‍ॅल्युमिनियमवर रंग मस्त बसला. दस्त्यावर मात्र, जिथे गाल टेकतो आणि मूठ आवळली जाते, तिथला रंग नखाने खरवडला की पापुद्र्यासारखा उचलून येतो.

रंगवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढला, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारली आणि मॅट स्प्रेचे फूटभर अंतरावरून पातळ हात दिले. आधी फिकट खाकी, मग कपडे धुवायच्या पिशवीची जाळी ताणून हिरवा आणि सगळ्यात शेवटी तपकिरी. जाळी दस्त्याला घट्ट लावली की सापाच्या खवल्यांसारखी स्वच्छ नक्षी येते, बोटभर वर धरली की कडा धूसर होतात. मला धूसर जास्त आवडली.

स्कोपच्या काचा, टरेटवरचे (नेम जुळवायच्या खुंट्यांवरचे) आकडे, चाप, सेफ्टी, नळीचं तोंड, छर्रा बसतो तिथलं सील आणि सिरियल नंबर हे सगळं मास्किंग टेपने झाकलं होतं. त्यामुळे यंत्राला काही झालेलं नाही.

आता विचारायचंय ते असं. प्लॅस्टिकवर वेगळं अस्तर लागतं का? वरून मॅट क्लियर (बिनचमकीचा पारदर्शक थर) मारला तर टिकेल, की हाताच्या घासण्याने तिथेच चमकायला लागेल? आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतंय: जवळून नक्षी सुंदर दिसते, पण वीसएक पावलं लांब गेलं की सगळं मिळून एकच गडद हिरवा दांडका दिसतो. असं का?

प्रतिसाद १

दस्ता बहुतेक नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असणार. पॉलिप्रॉपिलीनला तर साधा रंग धरतच नाही. प्लॅस्टिकसाठीचा अ‍ॅडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारं अस्तर) मिळतो, त्याचा एक पातळ हात आधी द्या आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच वरचा रंग मारा. सुटलेला रंग काढायला अ‍ॅसिटोन वापरू नका, बरीच प्लॅस्टिकं त्याने विरघळतात. पॉलिश पेपरनेच काढा.

दुसरं म्हणजे, रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. इनॅमल असेल तर आठवडाभर तरी रायफल हातात घेऊ नका. पुढेही बंदूक साफ करायचं सॉल्व्हेंट दस्त्यावर सांडू देऊ नका, स्प्रेचा रंग त्याने मऊ पडतो.

मॅट क्लियरने आयुष्य वाढतं, पण गालाच्या जागी तो घासून चमकणारच. तिथे मी रंगाच्या भरवशावर राहत नाही. स्वतःलाच चिकटणारी कापडी कॅमो पट्टी गुंडाळतो, खराब झाली की बदलतो. कॅमेऱ्याची लेन्स असेल तर तीही रंगवू नका, तिलाही हीच पट्टी.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. बारीक नक्षी लांबून एकमेकींत मिसळते आणि डोळ्याला सरासरी रंग तेवढा दिसतो. तुमचा पाया खाकी असला तरी हिरवा आणि तपकिरी इतका पसरलाय की फिकट भाग उरलाच नसेल. तळहाताएवढे मोठे पट्टे हवेत, फिकट आणि गडद यांत ठळक फरक हवा, आणि ते दस्त्याच्या कडेला समांतर न जाता तिरपे कापत गेले पाहिजेत. बाह्यरेषा तुटली की रायफलचा सरळ आकार मोडतो. जाळीची नक्षी त्या पट्ट्यांच्या आत राहू द्या.

शिवाय खालची बाजू वरच्यापेक्षा फिकट ठेवा. पाठ गडद, पोट फिकट ही प्राण्यांमधली रचना अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर यांनी १८९६ मध्ये मांडली. वरून उजेड आणि खाली सावली पडते, त्याची भरपाई होऊन वस्तू सपाट दिसते.

सॅकवर स्प्रे अगदी हलका मारा, नाहीतर कापड कडक होऊन घडीवर तडकतं. बकल आणि चेन झाकून घ्या.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दस्ता पुन्हा घासायला घेतोय. प्रमोटरवर पहिला फिकट हात किती वेळाने द्यायचा हे डब्यावर पाहून घेईन, पण तिरपे पट्टे मास्किंग टेपने काढू की कागद फाडून? फाटक्या कडेने रेषा नैसर्गिक येईल असं वाटतंय. कुणी केलं असेल तर फोटो टाका.