स्पिंडल चालू केला की मधेच अलार्म १ येतोय, लिमिट बंदच करून टाकू का?

लाकूडकाम_सातारा:
नमस्कार मंडळी. घरच्या शेडमध्ये दोन बाय तीन फुटाचं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवरून चालणारं लाकूड कोरायचं मशीन) बनवलंय, कंट्रोलर उनो बोर्ड, त्यावर सीएनसी शील्ड व्ही ३ (मोटर-स्विच जोडायचा बोर्ड), आत जीआरबीएल १.१ सॉफ्टवेअर आणि कटर फिरवणारा स्पिंडल दीड किलोवॉटचा व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). तिन्ही अ‍ॅक्सिसला टोकाच्या लिमिटसाठी रोलरवाले साधे मायक्रोस्विच आहेत, नॉर्मली ओपन (दाबल्यावरच जुळणारे) जोडलेत. होमिंग (स्विच शोधून शून्याची जागा ठरवणं) दिलं की झेड वर जाऊन स्विच दाबतो पण थांबतच नाही, मोटर घरघरत राहते आणि शेवटी अलार्म ९ (स्विच सापडला नाही), त्यामुळे एक्स-वायची पाळीच येत नाही. त्याहून मोठा त्रास म्हणजे स्पिंडल चालू असताना कुठलाही स्विच दाबलेला नसताना अलार्म १ (लिमिट लागलं) येऊन मशीन थांबतं आणि सागवानाचा तुकडा वाया जातो. मित्र म्हणतो $२१ (लिमिटचा अलार्म चालू-बंद करायची सेटिंग) शून्य कर, कटकटच मिटेल. करू का? इमर्जन्सी बटण शील्डवरच्या अ‍ॅबॉर्ट पिनला दिलंय, तेवढं पुरेल ना? मुलगा दहावीला आहे, तोही शेडमध्ये येऊन बसतो म्हणून काळजी वाटते.

पॅनलवाला_भोसरी:
दादा $२१ शून्य अजिबात करू नका, स्विच खोटं बोलत नाहीये, वायरिंगमध्ये नॉइज शिरतोय.

आधी झेडचं. १.१ मध्ये स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल) डी ११ पिनवर गेला आणि झेड लिमिट डी १२ वर आलं, पण शील्डवरची छपाई जुनीच आहे. म्हणजे झेडवर जी वायर लावलीय ती खरं तर स्पिंडलच्या पिनवर आहे. ती आत्ताच काढा, कारण स्पिंडल चालू असताना तो स्विच दाबला गेला तर आउटपुट पिन सरळ ग्राउंडला शॉर्ट होते आणि बोर्ड जाऊ शकतो. वायर 'स्पिंडल एनेबल' छापलंय तिथे लावा, झेड लगेच ओळखेल.

आता नॉइज. उनोच्या चिपमधला पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच कमजोर. स्विच उघडा असताना ती मीटरभर लांब वायर नुसती लोंबकळत असते आणि शेजारून व्हीएफडीची केबल गेली की अँटेनाचं काम करते. म्हणून स्विच नॉर्मली क्लोज्ड (एनसी, दाबल्यावर तुटणारे) जोडा आणि $५=१ करा, म्हणजे लिमिटचा सिग्नल उलटा वाचला जातो. मग वायर कायम ग्राउंडला धरलेली राहते, आणि मुख्य फायदा म्हणजे वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला तर मशीन ताबडतोब अलार्म देतं. नॉर्मली ओपनमध्ये तुटलेली वायर कळायला मशीन टोकाला आपटावं लागतं. बोर्डाजवळ प्रत्येक पिनला ५ व्होल्टकडे २.२ किलोओहम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड लावा, पन्नास रुपयांतही होईल. स्पिंडलची केबल शिल्डेड घ्या, तिचं शिल्ड व्हीएफडीच्या अर्थिंगला. लिमिटच्या केबलचं शिल्ड मात्र बोर्डाकडच्या एकाच टोकाला. दोन्ही केबल एका ड्रॅग चेनमधून नेऊ नका.

आणि $२६ (स्विचचा सिग्नल स्थिर व्हायला द्यायचा वेळ) वाढवत बसू नका, बरेच जण तेच सुचवतात. तो आकडा होमिंगपुरताच, चालू जॉबमधल्या अलार्म १ ला त्याचा उपयोग नाही.

इलेक्ट्रिकल_ताई_नाशिक:
वरचं सगळं बरोबर आहे पण मला इमर्जन्सीचं जास्त महत्त्वाचं वाटतं, विशेषतः मुलगा तिथे असतो म्हणून. लिमिट स्विच मशीनला वाचवतो, माणसाचा हात वाचवायला तो नाहीच. अ‍ॅबॉर्ट पिन म्हणजे कंट्रोलरला केलेली विनंती. बोर्ड हँग झाला, किंवा स्पिंडल तुम्ही व्हीएफडीच्या स्वतःच्या बटणाने चालू केला असेल, तर ते बटण दाबून स्पिंडल फिरतच राहणार.

फिरवून सुटणारं लाल मशरूम बटण घ्या, त्याला मागे दोन एनसी ब्लॉक बसतात. एक ब्लॉक कॉन्टॅक्टरच्या (मोठा रिले) कॉइलमध्ये, त्या कॉन्टॅक्टरवर मोटर ड्रायव्हरचा सप्लाय. सोबत हिरवं बटण आणि होल्डिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे लाईट जाऊन परत आली किंवा मशरूम सोडलं तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे हवंच. दुसरा ब्लॉक व्हीएफडीच्या रन टर्मिनलमध्ये. ४०० हर्ट्झला तुमचा स्पिंडल २४००० आरपीएमने फिरतो, व्हीएफडीचा सप्लाय एकदम तोडला तर तो बराच वेळ मोकळा फिरतो, रन काढला तर डिसेल टाइमप्रमाणे (वेग उतरवायला ठरवलेला वेळ) ब्रेक लागून थांबतो. त्यामुळे व्हीएफडीचा मेन ऑफ-डिले टाइमरने काही सेकंदांनी तोडा. व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मधे मात्र कॉन्टॅक्टर कधीच नको, लोडवर तोडला तर व्हीएफडी उडू शकतो. बटण अशा जागी बसवा की बेडवरून हात न नेता दाबता येईल, जमलं तर मुलगा बसतो त्या बाजूलाही एक लावा, सीरिजमध्ये.

झेडला बॉलस्क्रू असेल तर एक बघा, करंट गेला की स्पिंडल वजनाने खाली घसरू शकतो. स्प्रिंग किंवा काउंटरवेट लावा.

लाकूडकाम_सातारा:
दोघांचेही मनापासून आभार. झेडची वायर हलवली, होमिंग पूर्ण झालं, आधी झेड वर आणि मग एक्स-वाय एकदम. एनसी करतोय. रोलरमध्ये भुसा अडकतो म्हणून बुधवार पेठेत प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारे) बघितले, चालतील का?

पॅनलवाला_भोसरी:
चालतील, भुशात उत्तम. एनपीएन (आउटपुट ग्राउंडला ओढणारा), एनसी मागा, एलजे१२ए३ मध्ये शेवटी एएक्स असलेला, बीएक्स म्हणजे नॉर्मली ओपन. ४ मिमी रेंज लोखंडासमोर मिळते, अ‍ॅल्युमिनियमसमोर बरीच कमी, म्हणून गँट्रीवर लोखंडी बोल्ट किंवा पट्टी लावा. सेन्सरला १२ किंवा २४ व्होल्ट देणार असाल तर मधे ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा) टाका, काहींच्या आत पुलअप असतो आणि तो सगळा व्होल्टेज उनोच्या पिनवर येतो. होमिंग पक्कं झालं की $१३० ते $१३२ मध्ये खरा प्रवास मोजून भरा आणि $२०=१ (सॉफ्ट लिमिट चालू) करा, मग जी-कोड बेडच्या बाहेर जायला निघाला तरी मशीन टोकाला जायच्या आधीच अलार्म २ देऊन थांबेल.