हिऱ्याचा कलर सकाळी जी, संध्याकाळी आय; असं का?

सुटा_माल: 30 ते 70 सेंटच्या (100 सेंट म्हणजे एक कॅरट) गोल, सुट्या हिऱ्यांचा कलर (डी म्हणजे रंगहीन, झेडकडे पिवळेपणा वाढत जातो) दुकानातच तपासायचा आहे. झिरकॉनचे (म्हणजे क्युबिक झिरकोनिया, कृत्रिम खडा) पाच मास्टर, म्हणजे तुलनेचे नमुना-खडे, आहेत: ई, जी, आय, के, एम. एकच खडा सकाळी जी वाटतो, संध्याकाळी आय. लॅबच्या रिपोर्टवर एच आहे. हिरा टेबल (माथ्याचा मोठा सपाट पैलू) वरच्या बाजूला ठेवून, पांढऱ्या कागदावर पाहिला जातो. फरक दिव्याचा की पद्धतीचा? आणि तपकिरी झाक असलेला खडा पिवळ्या मास्टरशी कसा लावायचा?

मास्टर_सेट: दोन्हींचा, पण आधी पद्धत बदला. टेबल वर असताना हिरा इतका चमकतो की एखाद-दोन ग्रेडचा पिवळेपणा सहज लपतो. टेबल खाली, टोक वर ठेवा आणि पॅव्हेलियनला (टोकाकडच्या निमुळत्या भागाला) काटकोनात नजर लावा. टोकाशी आणि गर्डलपाशी (खड्याच्या घेराच्या कडेपाशी) रंग गोळा होतो, म्हणून तुलना मधल्या भागाची करा. चमक आड येत असेल तर दोन्ही खड्यांवर हलकी फुंकर मारा; वाफ उडेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत अंगचा रंग साफ दिसतो.

आता मुख्य गोष्ट. खडा मास्टरच्या डावीकडे ठेवून पाहा, मग उजवीकडे. अगदी एकाच रंगाचे दोन हिरे शेजारी ठेवले तरी एका बाजूचा गडद भासतो, हा नजरेचाच गुण आहे. एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका वाटला, तर खडा त्या मास्टरच्याच रंगाचा. दोन्हीकडे गडद वाटला तर पुढच्या मास्टरकडे सरका. एकाच बाजूने पाहून ग्रेड ठरवली की एका ग्रेडचा घोळ ठरलेलाच.

जीआयए (हिरे तपासून रिपोर्ट देणारी अमेरिकन संस्था) पद्धतीच्या सेटमध्ये प्रत्येक मास्टर त्या ग्रेडच्या सर्वांत फिक्या टोकाचा असतो. म्हणजे जीच्या मास्टरपेक्षा किंचित पिवळा, पण एचच्या मास्टरपेक्षा पांढरा खडा जीच. तुमच्या सेटमध्ये एच नाही, त्यामुळे जी आणि आय यांच्या मधला खडा जी की एच, हा अंदाजच राहतो. एच आणि जे मास्टर घ्या. सेट विकणाऱ्याला मास्टर कुठल्या टोकाचे आहेत हेही विचारा.

उजेड_आणि_कागद: संध्याकाळी दुकानात पिवळे दिवे लागत असतील तर आय दिसणारच. 6000 ते 6500 केल्विनची डेलाइट ट्यूब लावा, खडा तिच्यापासून 20 ते 25 सेंमीवर ठेवा आणि खोलीतले बाकीचे दिवे मंद करा. ट्यूबच्या फार जवळ नेलात तर अतिनील किरणांचा मारा वाढतो. निळा फ्लुरोसन्स असलेला, म्हणजे अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा, खडा मग आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. खिडकीतल्या सकाळच्या उन्हातही हेच होतं.

तो पांढरा कागदही बदला. साध्या छपाईच्या कागदात उजळपणासाठी घातलेलं रसायन अतिनील प्रकाशात निळसर चमकतं आणि खड्याचा पिवळा मारतं. न चमकणारा, मॅट पांढरा ट्रे किंवा घडीचं कार्ड घ्या.

खडा स्वच्छ हवा, हे सांगायला नको. पण खरखरीत गर्डलमध्ये बसलेलं तेल आणि मळ नुसत्या कापडाने निघत नाही. तेवढ्यानेही कलर खाली येतो.

घाट_आणि_पैलू: झिरकॉनवर डोळा बसवायला हरकत नाही, सौद्याचा निर्णय त्यावर नको. त्याचा वक्रीभवनांक 2.15 च्या आसपास, हिऱ्याचा 2.42, रंगांची फाकही झिरकॉनमध्ये जास्त. शिवाय काही झिरकॉनचा रंग काळाने बदलतो. खऱ्या हिऱ्यांचा सेट घेणार असाल तर सगळे एका मापाचे, सारख्या कटचे, फ्लुरोसन्स नसलेले बघा.

तपकिरी खड्यात छटा जुळवायची नाही, गडदपणा जुळवायचा. डोळे किंचित बारीक करून पाहिलं की छटा मागे पडते आणि फिका-गडद एवढंच उरतं. केपासून खाली जीआयएच्या रिपोर्टवर अक्षरासोबत ब्राऊन असा शब्दही येतो. जेपर्यंत नुसतं अक्षर. त्यामुळे जे लिहिलेला खडा तपकिरी असू शकतो. घेताना तो स्वतः बघूनच घ्या.

सुटा_माल: मार्कीझ (लांबट, दोन्ही टोकं निमुळती असलेला) आला तर? आणि अंगठीतला हिरा?

मास्टर_सेट: मार्कीझ लांबीकडून गडद आणि रुंदीकडून फिका दिसतो, म्हणून तिरका धरून मास्टरशी लावा. जडवलेल्या हिऱ्याला एकच अक्षर देऊ नका. पिवळ्या सोन्याची झाक खड्यात उतरते आणि पॅव्हेलियन नीट दिसत नाही. जी-एच, आय-जे अशी जोडीच बिलावर लिहा. नेमकी ग्रेड हवीच असेल तर खडा काढावा लागेल.