गर्भनिरोधक गोळीने अमेरिकेतील स्त्रीचे स्थान खरोखर बदलले का?

कोयनाकाठ:
मे १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली आणि तिथून लैंगिक क्रांती सुरू झाली, असे सर्रास लिहिले जाते. केवळ एका औषधाने स्त्रीचे घरातले आणि समाजातले स्थान बदलते, हे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया आपले मत मांडावे.

मध्यमा:
गोळी निघाली, तरी ती सर्वांच्या हाती लगेच पडली नाही. ‘ग्रिसवोल्ड विरुद्ध कनेक्टिकट’ या खटल्याने १९६५ मध्ये विवाहित जोडप्यांना गर्भनिरोधके वापरण्याचा हक्क दिला. अविवाहितांना १९७२ उजाडावे लागले. १९६७ मध्ये बिल बेअर्ड यांनी बॉस्टन विद्यापीठातील व्याख्यानानंतर एका अविवाहित तरुणीला गर्भनिरोधक फेस दिला आणि त्यांना अटक झाली. १९७२चा निकाल त्याच प्रकरणातला. वैद्यकीचे किंवा कायद्याचे शिक्षण घ्यायचे, तर मध्येच दिवस जाणार नाहीत याची खात्री हवी, आणि ती अविवाहित मुलीलाच सर्वांत अधिक हवी. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी उशिरा होणारी लग्ने आणि अशा व्यवसायांत शिरणाऱ्या स्त्रिया यांचा गोळीशी संबंध दाखवला आहे. म्हणून औषध आणि कायदा वेगळे काढता येत नाहीत, असे मला वाटते.

रानवारा:
मध्यमाताईंचे म्हणणे मान्य आहे. पण स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी तितक्या वेगाने बदलली नाही, हेही नोंदवले पाहिजे. १९५६ पासून प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर या गोळीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा हा प्रयोग आहे हे त्यांना धड सांगितलेही नव्हते. १९७० मध्ये गोळीच्या दुष्परिणामांवर सिनेटमध्ये सुनावणी झाली, तेव्हा ती घेणाऱ्या एकाही स्त्रीची साक्ष का नाही, असा जाब प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उभे राहून विचारला, आणि पुढे गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारे पत्रक आले. क्रांतीच्या नावाखाली पुरुषांना मोकळीक मिळाली आणि जबाबदारी मात्र स्त्रीच्या गळ्यात पडली, उलट ‘आता कसली भीती?’ असे म्हणून तिच्या नकाराचे कारणच काढून घेतले गेले, ही त्या काळच्या स्त्रीवाद्यांची तक्रार मला अत्यंत रास्त वाटते.

जुनी_पेठ:
नकाराचा हा मुद्दा आपल्याकडे आधीच चर्चिला गेला होता. ज्या मार्गारेट सँगर यांनी पुढे या गोळीच्या संशोधनाला चालना दिली, त्या डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. स्त्रियांनी नवऱ्याला नकार द्यायला शिकावे, कृत्रिम साधने नकोत, असे गांधीजींचे म्हणणे होते, तर सँगर यांना साधनांवाचून स्त्रीची सुटका दिसत नव्हती. मला दोघांपेक्षा र. धों. कर्वे अधिक जवळचे वाटतात. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, या कार्यापायी प्राध्यापकी गमावली आणि ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून स्त्रीच्या कामसुखाचा हक्कही निःसंकोच मांडला.