शब्दचर्चा: सॉफ्टवेअरच्या ‘पॅच’ला मराठीत काय म्हणावं?

पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक सुधारायला नंतर लावलेला छोटा तुकडा. त्याला ‘दुरुस्ती’ हा शब्द मला फार मोघम वाटतो. ‘ठिगळ’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला हलकं वाटतं. मूळ इंग्रजी शब्द संगणकात आला कुठून?

— ठिगळच म्हणा, अगदी बिनधास्त. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली ‘मार्क १’ हे गणनयंत्र सुरू झालं. त्याला आज्ञा मिळायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून. एका आडव्या ओळीत २४ भोकांची जागा असे आणि एक ओळ म्हणजे एक आज्ञा. भोक चुकीच्या जागी पडलं, की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवायचे. तोच पॅच. अशी ठिगळं लावलेली मार्क १ ची फीत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने जपून ठेवली आहे. ‘दुरुस्ती’ म्हटलं की सगळंच नीट केल्यासारखं वाटतं. पॅचमध्ये चुकलेला भाग तेवढा झाकतात, बाकी फीत तशीच राहते. हा नेमकेपणा ‘ठिगळ’मध्ये आहे.

‘लूप’, म्हणजे त्याच त्या आज्ञांची आवर्तनं, तर त्या यंत्रावर डोळ्यांना दिसायचा. तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करायची असेल, तर फितीची दोन टोकं एकमेकांना जोडून तिचं कडं करायचे.

आणि ‘डिलीट’ची गंमत वेगळीच. १९६३ च्या आस्की संकेतावलीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या यादीत, बाकीची बहुतेक नियंत्रणचिन्हं (छापायची अक्षरं नव्हेत, तर यंत्राला सूचना देणारी चिन्हं) सुरुवातीला, ० ते ३१ मध्ये आहेत. डिलीट मात्र पार शेवटी, १२७ वर. कारण पुन्हा फीतच! आस्कीच्या फितीवर एका अक्षराला सात भोकांच्या जागा असत. पाडलेलं भोक परत मिटवता येत नाही, पण उरलेली भोकं पाडता येतात. अक्षर कुठलंही असो, सातही भोकं पाडली की ते खोडलं गेलं, आणि यंत्राने ते सोडून पुढे जायचं. भोक म्हणजे १ धरलं, तर द्विमान पद्धतीत सातही जागी १ म्हणजेच १२७.

‘बग’ (इंग्रजीत किडा, संगणकात बिघाड) हा शब्दसुद्धा हार्वर्डचाच ना? रिलेमध्ये, म्हणजे यंत्रातल्या विद्युत स्विचमध्ये, पतंग हा उडणारा किडा सापडला होता म्हणतात.

— पतंग खरा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क २’ या पुढच्या यंत्रामध्ये सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. पण शेजारची नोंद नीट वाचा: बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, असं तिथे लिहिलंय. म्हणजे बिघाडाला बग म्हणायची पद्धत आधीपासून होती. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो याच अर्थाने येतो. ‘बग’ला कुणी ‘किडा’ म्हटलं तर माझी हरकत नाही. फक्त त्याची व्युत्पत्ती या पतंगावरून सांगू नये.